हिंगोलीचा रिसाला आणि मैदानाकाठची माणसे

कयाधू नदीच्या काठी वसलेल्या हिंगोलीचे नाव निघाले म्हणजे सामान्य मराठी वाचकाच्या मनात औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव आणि गावचा गाजलेला दसरा या तीन गोष्टी उभ्या राहतात. परंतु ज्या गावात रिसाला बाजार, तोफखाना आणि पेन्शनपुरा अशा नावांचे मोहल्ले आजही नांदते आहेत, त्या गावाने एकेकाळी निजामाच्या रियासतीतील एका मोठ्या फौजेची छावणी पोसली होती, आणि सुमारे ऐंशी वर्षे त्या छावणीच्या सकाळी घोड्यांच्या खराऱ्याने व संध्याकाळी चंदीच्या वाटपाने मोजल्या जात होत्या, हे स्मरण मात्र जिल्ह्यातही फारसे उरलेले दिसत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून निराळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच्या शासकीय परिचयपत्रांत या छावणीला एखाद्या वाक्याची जागा मिळते. वास्तविक घोडा, घोडेस्वार आणि त्या दोघांच्या सेवेत राबणारी माणसे यांच्या परस्परसंबंधाचा जो इतिहास आज ऑलिंपिकच्या अश्वक्रीडांगणापर्यंत येऊन पोहोचला आहे, त्याचा एक धागा या गावातून जातो.

छावणीचा आरंभ लढाईत झाला. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने आणि दिवाणीचा कारभार पाहणाऱ्या राजा चंदुलालच्या संमतीने, इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या; १८१७ च्या डिसेंबरात महिदपूर येथे होळकरांविरुद्ध त्या लढल्या, आणि १८१९ च्या जानेवारीत, आजच्या नांदेड जिल्ह्यातील हदगावच्या बाजूस असलेल्या नोव्हा किल्ल्यात हटकरांचा पुढारी नौसाजी नाईक अरब शिबंदीसह ठाण मांडून बसला असता, मेजर पिटमन याच्या फौजेने तो किल्ला वेढा घालून महिनाअखेर सर केला. या विजयाचे नाव पुढे त्या पलटणींच्या निशाणांवर रणसन्मान म्हणून चढले. हटकरांच्या बंडाने धगधगणाऱ्या आणि वऱ्हाडाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणाऱ्या या मुलखात फौज कायमची ठेवणे रेसिडेन्सीला अगत्याचे वाटले, आणि त्या सुमारासच हिंगोलीची छावणी वसली. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर, लिंगसुगूर अशी या फौजेची ठाणी होती. रिसाले आणि पलटणी एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यास पाळीपाळीने बदलत असत. या फौजेला पुढे हैदराबाद कंटिंजंट असे नाव मिळाले.

या फौजेचा खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा होता. विल्यम पामर याच्या पेढीने भारी व्याजाने पैसे पुरवून शिपायांच्या तनखा भागवाव्यात, त्या कर्जापोटी निजाम सरकारने मुलखांचा वसूल गहाण टाकावा, आणि गोऱ्या अंमलदारांनी मेजवानीच्या टेबलाशी बसून, बिचारा निजाम सर्वांचे पैसे भरतो आहे, असा विनोद करावा, ही त्या काळची रीत होती. शेवटी थकबाकीचा डोंगर इतका वाढला, की १८५३ च्या तहाने वऱ्हाडासारखा सुपीक प्रांत या फौजेच्या खर्चापोटी कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. त्या तहात पाच हजारांहून कमी नाही इतके पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने अशी मोईन ठरली. वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्या कुणब्याला आपल्या शेतसाऱ्याचा आणि हिंगोलीच्या तबेल्यातील हरभऱ्याचा संबंध कधी कळला असेल असे वाटत नाही.

या छावणीत अभ्यासकाने अधिक काळ रेंगाळावे अशी गोष्ट म्हणजे तिच्या घोडदळाची घडण. कंपनीच्या नियमित घोडदळात घोडा सरकारी असे. कंटिंजंटचे रिसाले मात्र शिलेदारी पद्धतीचे होते. भरती होणाऱ्या स्वाराने घोडा, खोगीर, हत्यार आणि पोशाख यांचा खर्च स्वतः सोसावयाचा, अथवा तेवढी रक्कम रिसाल्याच्या दप्तरी भरावयाची, आणि मग सरकारने त्यास दरमहा एक ठोक पगार द्यावयाचा, ज्यातून त्याने स्वतःचे पोट, घोड्याची चंदी आणि सामानाची डागडुजी भागवावयाची. या हक्काच्या जागेस असामी म्हणत. असामीची किंमत होत असे, ती विकली जाई, वारसाहक्काने उतरे. एखाद्या संपन्न सरदाराच्या नावावर कित्येक असाम्या असत आणि त्या प्रत्येकीवर तो आपल्या घोड्यासह भाडोत्री स्वार बसवी. असा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेला तर नवा घेण्यासाठी सर्वांच्या पगारातून कापून ठेवलेला चंदा असे. तथापि असामीच्या मालकाची इभ्रत आणि बारगिराची लाचारी यांतील अंतर कोणत्याही चंद्याने बुजत नसे. शिवकालापासून मराठी माणसाला शिलेदार आणि बारगीर हा भेद परिचित आहे. शिवाजीराजांनी बारगिरांच्या पागेवर भर देऊन घोडा राज्याचा केला होता, आणि इंग्रजांनी मात्र स्वस्ताईच्या मोहाने दक्षिणेत पुन्हा शिलेदारी जोपासली, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

शिलेदार आणि बारगीर यांच्याही खाली एक जग होते. दोन स्वारांमागे मिळून एक तट्टू आणि एक मोतद्दार असा रिवाज असे. तो मोतद्दार पहाटे उठून घोड्यांना खरारा करी, दिवसा रानात जाऊन गवत कापी, ते तट्टावर लादून आणी, आणि कूच असेल तेव्हा सामानाच्या मागोमाग पायी चालत जाई. नालबंद, खोगीर शिवणारा मोची, घोड्यांचा वैद्य सलोत्री, पाणी भरणारा भिस्ती अशा अनेकांचा संसार त्या एका रिसाल्यावर चाले. जातिवंत अरबी घोडे मुंबईच्या बाजारातून येत, भीमथडीची काटक तट्टी दक्षिणेतून मिळत, आणि मार्गशीर्षात खंडोबाच्या माळेगावी भरणारा घोड्यांचा बाजार हिंगोलीहून फार दूर नव्हता. जनावर पारखणारा जाणता माणूस या परगण्यात दुर्मिळ नव्हता. पण रिसाल्याच्या इतिहासात, म्हणजे मेजर बर्टन याने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या कंटिंजंटच्या जाडजूड बखरीसारख्या ग्रंथात, अंमलदारांची नावे ओळीने येतात, रिसालदारांची अधूनमधून, आणि मोतद्दाराची जवळजवळ येतच नाहीत.

येथे थोडे आडवाटेला जाण्याची परवानगी वाचक देतील, कारण या छावणीची दुसरी कीर्ती विलक्षण आहे. ठगांचा बंदोबस्त करण्याची मोहीम जेथे प्रथम हाती घेतली गेली, त्या ठिकाणांत हिंगोलीची गणना होते. हे काम १८३३ च्या सुमारास सुरू झाले. निजामाच्या नोकरीतील तरुण अंमलदार मेडोज टेलर, ज्याने पुढे १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहून विलायतेत खळबळ उडविली, त्याने नमूद करून ठेवले आहे, की हिंगोलीतील हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी, ज्याच्याशी त्याचा आणि छावणीतील इतरांचा नित्य व्यवहार होता, तोच ठगांचा नायक निघाला. मुंबईहून कापडाचा माल घेऊन येणाऱ्या एका व्यापाऱ्याचा त्याच्या माणसांसह खून पाडून, आधीच मिळवून ठेवलेल्या सरकारी परवान्यावर ते कापड हरीसिंगाने छावणीत आणले आणि राजरोस विकले. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून काही शे यार्डांवर प्रेते पुरली जात होती आणि पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. ज्या फौजेने मुलखात अमन राखावयाचा, तिचे लक्ष मुख्यतः आपल्या घोड्यांवर आणि कवायतीवर होते, असा याचा सरळ अर्थ घेतला तर तो अन्याय होणार नाही.

सत्तावन्नच्या धामधुमीतही या घोडदळाचे वर्तन आपल्या मनाला सुखावणारे नाही. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेत पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी बंड उभारले, ते जनरल वुडबर्न याने मोडून काढले. बाकीचे घोडदळ सरकारशी इमान राखून मध्य हिंदुस्थानात गेले आणि इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ याच्या मोहिमेत झाशी, काल्पी, ग्वाल्हेर येथे लढले. १८५८ च्या एप्रिलात राणी लक्ष्मीबाई झाशीचा किल्ला सोडून निसटल्या, तेव्हा भांडेरपर्यंत त्यांचा पाठलाग करणारा लेफ्टनंट डाउकर हा याच कंटिंजंटच्या घोडदळाचा अंमलदार होता, आणि त्या झटापटीत तो जखमी होऊन मागे फिरला. त्या पाठलागात दखनी स्वारांचे घोडे होते, हे सत्य गिळणे कठीण असले तरी ते लपविण्यात अर्थ नाही.

शांततेच्या काळात घोडा आणि स्वार यांना तयार ठेवण्यासाठी जे खेळ या छावण्यांत चालत, त्यांत नेजाबाजीला मानाचे स्थान होते. जमिनीत रोवलेली लाकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने उचलून न्यावयाची, हा तो खेळ. रणांगणात त्याचा उपयोग काय, यावर तज्ज्ञांनी पुष्कळ वाद घातला आहे, पण डोळा, हात आणि लगाम यांचा मेळ त्यातून जसा साधतो तसा दुसऱ्या कशातून साधत नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागले. प्रत्येक स्वार दौडत पुढे गेला, की मागे वाकून नवी मेख ठोकणारा एक माणूस असावाच लागतो. हिंदुस्थानच्या घोडदळांतून हा खेळ इंग्रजांबरोबर विलायतेत गेला आणि लंडनच्या लष्करी तमाशांत १८८० नंतर हजारो प्रेक्षकांपुढे होऊ लागला. म्हणजे दक्षिणेतील माळरानावरचा एक कवायतीचा खेळ परदेशी क्रीडांगणावर पोहोचण्यास कोणा क्रीडासंघटनेची वाट पाहावी लागली नाही.

१९०२ च्या करारान्वये वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले, कंटिंजंट बरखास्त होऊन हिंदी सैन्यात विलीन झाले, आणि १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी उठली. कंटिंजंटच्या चार रिसाल्यांपैकी पहिला विसावा डेक्कन हॉर्स झाला, दुसरा एकोणतिसावा लान्सर्स, चौथा तिसावा लान्सर्स, तिसरा मोडला. गावात उरले ते पेन्शनर आणि मोहल्ल्यांची नावे.

फौज मात्र पुढे चालत राहिली. १९१४ साली पहिल्या महायुद्धासाठी डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, सोमच्या रणभूमीवर, हायवूड नावाच्या रानाकडे उभ्या पिकातून भाले रोखून सातव्या ड्रॅगून गार्ड्सबरोबर तिने जी चाल केली, तिचे वर्णन पुढे अनेकांनी हर्षभराने केले आहे. परंतु मशीनगनच्या युगात घोडदळाचे काय होणार, हे त्या संध्याकाळी स्पष्ट झाले होते, आणि ते रान पूर्णपणे हाती येण्यास १५ सप्टेंबर उजाडावा लागला. स्वतःचा घोडा स्वतः आणण्याची शिलेदारी पद्धत समुद्रापलीकडच्या दीर्घ युद्धात टिकणे शक्यच नव्हते. मेलेल्या घोड्यांची भरती पूर्ण करण्यास रिसाल्याचा चंदा पुरणार कसा? १९२१ च्या पुनर्रचनेत ती निकालात निघाली, विसावा आणि एकोणतिसावा हे दोन्ही रिसाले एकत्र करून एकच डेक्कन हॉर्स झाली, आणि ती पुढे घोडे सोडून रणगाड्यांवर बसली. त्याच १९२१ साली आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ स्थापन झाला. युद्धातून उठणारा घोडा खेळाच्या मैदानात येऊन स्थिरावला, असे कालक्रम पाहता म्हणता येते.

परंतु मैदानात येताना त्याने लष्करी दिमाख मागे टाकला नव्हता. ऑलिंपिकमधील अश्वक्रीडा दीर्घकाळ सेनाधिकाऱ्यांची मिरास होती. ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत अधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाच्या शिपायास भाग घेण्याची मनाई होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. संघातील गेनॅल पेर्सन हा मुळात सार्जंट असून केवळ स्पर्धेपुरती त्यास लेफ्टनंटची पदवी देण्यात आली होती, हे उघडकीस येताच पुढील वर्षी ते पदक काढून घेऊन फ्रान्सला देण्यात आले. घोडा तोच आणि बैठकही तीच. उणीव फक्त सनदेची होती. हिंगोलीच्या बारगिराला हा न्याय ओळखीचा वाटला असता. नियम बदलले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला हाच पेर्सन स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघात उजळ माथ्याने उभा राहिला. त्याच वर्षी स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि पोलिओमुळे गुडघ्याखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक जिंकले. त्यांना घोड्यावर चढण्या-उतरण्यास दुसऱ्याचे हात लागत.

हे दुसऱ्याचे हात आज आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडेचा कणा आहेत. मोठ्या स्पर्धेत क्रॉसकंट्रीच्या, म्हणजे माळ-ओढ्यांतून काढलेल्या कित्येक किलोमीटरांच्या मार्गावर, प्रत्येक अडथळ्यापाशी एक पंच उभा असतो. घोडा अडला काय, स्वार पडला काय, कोणत्या क्षणी निशाण दाखवून मागच्या स्वारास थोपवावयाचे, याचा निर्णय त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतो, आणि हा पंच बहुधा बिनपगारी स्वयंसेवक असतो. प्रेक्षकांना मार्ग ओलांडू देणारा, सुटलेला घोडा धरणारा, उडीच्या मैदानावर पडलेले दांडे धावत जाऊन पुन्हा बसविणारा, तापलेल्या घोड्यावर पाणी ओतणारा, इतकेच नव्हे तर ड्रेसाजच्या परीक्षकाशेजारी बसून त्याच्या तोंडून निघालेले गुण आणि शेरे कारकुनाच्या तत्परतेने टिपून घेणारा, हे सारे स्वखुशीने आलेले लोक. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्राणी-विलगीकरणाच्या कडक कायद्यामुळे मेलबर्न ऑलिंपिकची अश्वक्रीडा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला स्टॉकहोमला भरवावी लागली, तशीच २००८ मध्ये बीजिंगऐवजी हाँगकाँगला. घोडा ज्या देशी जाईल त्या देशी ही सेवेची व्यवस्था नव्याने उभी करावी लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी सुमारे ४५,००० स्वयंसेवक घेण्यात आले, त्यांतील काहींच्या वाट्याला व्हर्सायच्या राजवाड्याच्या उद्यानातील अश्वक्रीडा आली. परदेशाहून येणाऱ्याने प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च स्वतः करावयाचा, गणवेश आणि कामाच्या वेळचे जेवण आयोजकांचे, असा तेथील शिरस्ता होता.

स्वतःच्या खर्चाने चाकरीस हजर होणाऱ्या या माणसास पाहून शिलेदाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि हे साम्य फार ताणू नये. शिलेदार आपली जमीन गहाण टाकून असामी घेई तो पोटासाठी आणि इभ्रतीसाठी, आणि त्याच्या मागे गवत कापणाऱ्या मोतद्दाराला तर निवडही नव्हती. आजचा स्वयंसेवक हौसेने येतो आणि आठ दिवसांनी आपल्या उद्योगास परततो. स्वेच्छा हाच मोतद्दार आणि स्वयंसेवक या दोघांतील भेद, आणि तो लहान नाही. एवढे मात्र खरे, की विजेत्याच्या नावापुढे या दोघांचीही नावे सारखीच पुसली जातात.

आपल्या देशाच्या वाट्याला या क्रीडेतील यश थोडके आले, पण आले ते लष्करी परंपरेतून. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अश्वक्रीडेचा प्रथम समावेश झाला, तेव्हा रघुवीर सिंग यांनी तीनदिवसीय स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळविले, संघासही सुवर्ण लाभले, आणि रूपिंदर सिंग ब्रार यांनी नेजाबाजीत, म्हणजे आपल्या छावण्यांच्या जुन्या खेळात, तिसरे सुवर्ण आणले. त्यानंतर एक्केचाळीस वर्षे या क्रीडेत भारताला सुवर्ण नव्हते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या स्पर्धेत ड्रेसाजच्या संघाने ते मिळविले, आणि त्या चौघांत सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला यांच्याबरोबर मुंबईचे हृदय छेडा होते. हे चौघेही सैनिक नव्हते, युरोपात राहून त्यांनी शिक्षण घेतले. म्हणजे सेनाधिकाऱ्यांची मिरास आपल्याकडेही संपली, फक्त तिची जागा द्रव्यबळाने घेतली. ज्याच्यापाशी घोडा पोसण्याचे आणि परदेशी ठेवण्याचे साधन आहे त्यालाच या खेळात वर जाता येते, हा नियम असामीच्या काळापासून अबाधित आहे. साधन नसलेल्या पण घोड्याची आवड असलेल्या तरुणाला जगाच्या मैदानाजवळ जाण्याचा जो एक मार्ग मोकळा आहे, तो मैदानाकाठच्या सेवेचा. आणि तोही विमानाच्या भाड्याने अडतो, हे विसरून चालणार नाही.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा या पाच तालुक्यांतील ज्या घरांत कंटिंजंटच्या नोकरीचे कागद असतील, मग ती असामीच्या विक्रीची चिठ्ठी असो, पेन्शनचा दाखला असो, नालबंदाच्या हिशेबाची वही असो किंवा आजोबांच्या तोंडून ऐकलेली मोतद्दाराची एखादी हकीकत असो, त्यांनी ती ट्रंकेत न ठेवता जिल्हा ग्रंथालयाकडे अथवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे नक्कल करण्यापुरती तरी सोपवावी. अंमलदारांचा इतिहास बर्टन लिहून गेला आहे. मोतद्दारांचा लिहावयाचा राहिला आहे, आणि तो हिंगोलीकरांखेरीज दुसरे कोणी लिहिणार नाही.